अस्तरातला ड्रॅगन

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी वस्त्रकलेची विद्यार्थिनी आहे. एका प्रदर्शनात तिने एकोणिसाव्या शतकातला जपानी अग्निशामकाचा सुती कोट पाहिला. पाठभर पसरलेला ड्रॅगन, काळे ढग, लाटा. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं की दिसते ती कोटाची आतली बाजू आहे आणि हे चित्र आगीपासून रक्षण करतं अशी श्रद्धा होती. तिला तीन गोष्टी कळल्या नाहीत. एवढं देखणं चित्र आत का? ड्रॅगन वाचवतो असं ती माणसं खरंच मानत होती का? आणि आगीत सुती कपडा घालून शिरायचं हा काय वेडेपणा?

मी जुन्या सुती कापडांच्या जतनाचं काम करते आणि असे काही कोट माझ्या हाताखालून गेले आहेत. मी शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. तो सुटला की बाकीचे दोन निम्मे सुटतात.

या कोटाला हिकेशी-बांतेन म्हणतात. हिकेशी म्हणजे आग विझवणारा, हांतेन (जोडशब्दात बांतेन) म्हणजे आखूड अंगरखा. पहिल्यांदा असा कोट टेबलावर उलगडला तेव्हा मला सरळ आजीची गोधडी आठवली. सुती कापडाचे थर एकावर एक ठेवायचे आणि जाड सुती दोऱ्याने आरपार धावदोरा घालत जायचं. टाके इतके जवळजवळ की कापड हाताला पुठ्ठ्यासारखं लागतं. जपानीत या कामाला साशिको म्हणतात. आज साशिको म्हटलं की निळ्या रुमालावरची पांढरी नाजूक नक्षी डोळ्यांपुढे येते, पण मूळ काम कष्टकऱ्यांच्या कपड्यांचं. कापड जाड करायचं, टिकवायचं, फाटलेलं सांधायचं. हा कोट कोरडा असतानाही जड असतो. आणि तो कोरडा घालायचाच नव्हता.

आगीकडे जाण्याआधी कोट, शिरस्त्राणासारखं रजईदार टोपडं आणि हातमोजे, सगळं पाण्यात निथळेपर्यंत भिजवायचं. सूत स्वतःच्या वजनापेक्षा जास्त पाणी धरून ठेवू शकतं. शाळेतलं विज्ञान आठवा: एक ग्रॅम पाणी वीस अंशांवरून उकळीला आणायला साधारण ८० कॅलरी लागतात आणि त्या उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी सुमारे ५४०. म्हणजे कोटात पाणी आहे तोवर कापडाचं तापमान शंभर अंशांच्या फारसं वर जात नाही, आणि त्या तापमानाला सूत पेटत नाही. थर जितके जास्त तितकं पाणी जास्त, तितकी मिनिटं जास्त. टाक्यांचं कामही इथेच कळतं. साधे सुटे थर भिजले की फुगतात, लोंबतात, एकमेकांवरून घसरतात. साशिकोमुळे ते एकजीव राहतात.

अर्थात याला मर्यादा होती. तापलेलं पाणी वाफ होऊन आत शिरलं तर तेच चटके देतं, आणि कोट सुकला की संपलं. म्हणून सोबती मागून पाणी ओतत राहायचे.

मग हे आगीत शिरून करायचे काय? इथे आपल्या डोक्यातलं चित्र बदलायला हवं. आपल्याकडे आगीच्या बंबावरून बंबवाला हा शब्द आला. एदोच्या, म्हणजे जुन्या टोकियोच्या, बंबवाल्यांकडे म्हणावा असा बंब नव्हताच. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हाताने दाबायचा एक लाकडी पंप आला, पण त्याची धार इतकी बेताची की पेटलेल्या घरापेक्षा छपरावर चढलेल्या माणसांना भिजवायलाच तो जास्त उपयोगी पडे. त्या पंपाचं नाव लक्षात ठेवा, र्यूदोसुई. शब्दशः अर्थ: ड्रॅगनने थुंकलेलं पाणी. पुढे कामाला येईल.

शहर लाकडाचं, आतल्या सरकत्या दारांना कागद, हिवाळ्यात कोरडे वारे, आणि अठराव्या शतकात दहा लाखांच्या वर गेलेली वस्ती. पाण्याने आग विझवणं शक्यच नव्हतं, म्हणून आगीच्या पुढची घरं पाडायची. वाऱ्याची दिशा बघून एक ओळ ठरवायची आणि तिथवरची घरं भुईसपाट करून आगीचं खाणं तोडायचं. हे काम कोण करणार? जो घरं बांधतो तोच ती पटापट उतरवू शकतो. म्हणून शहराच्या अग्निशामक तुकड्या भरल्या गेल्या तोबी लोकांनी. हे बांधकामावर उंच चढून काम करणारे मजूर. तोबी म्हणजे घार. त्यांच्या हातातल्या लांब काठीच्या आकड्याचं नाव तोबिगुची, घारीची चोच. तिने कौलं ओढायची, तुळया खेचायच्या.

हे कळलं की कोटाकडे बघायची नजर बदलते. हा ज्वाळेत उभं राहायचा पोशाख नव्हता. वरून कौलं, खिळे, निखारे आणि ठिणग्या पडत असताना घर मोडणाऱ्या माणसाचा तो पोशाख होता. जाड थर मार झेलायचे, पाणी उष्णता झेलायचं. वेडेपणा नाही, अगदी हिशेबी काम आहे.

आता थोडा इतिहास, कारण कोटाच्या बाहेरच्या बाजूवर जे लिहिलेलं असतं ते त्याशिवाय वाचता येत नाही. १६५७ साली मेइरेकीची (हे त्या कालखंडाचं नाव) आग लागली. एदोचा मोठा भाग जळाला, शोगुनच्या, म्हणजे देशाच्या लष्करी सत्ताधीशाच्या, किल्ल्याचा मुख्य मनोरा गेला तो पुन्हा बांधलाच नाही, आणि मृतांचा आकडा एक लाखाच्या घरात सांगितला जातो. लोककथेत या आगीचं मूळ एका कपड्यातच आहे: एक लांब बाह्यांचा किमोनो, जो वापरणाऱ्या तीन तरुण मुली एकामागून एक वारल्या. देवळात तो अशुभ किमोनो जाळायला घेतला आणि वाऱ्याने पेटती बाही उडवून छपरावर नेली. म्हणून या आगीला फुरिसोदेची, लांब बाह्यांची, आग म्हणतात. कथा ती कथाच, पण वस्त्रांचं काम करणाऱ्या माणसाला ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पुढच्याच वर्षी शोगुनने स्वतःची अग्निशामक पथकं उभी केली. सामान्य वस्तीसाठी मात्र १७१८ च्या सुमारास, आठवा शोगुन तोकुगावा योशिमुने याच्या काळात, शहराचा न्यायाधीश ओओका तादासुके याने नागरिकांच्या तुकड्यांची व्यवस्था आणली आणि १७२० मध्ये ती नीट बसवली. सुमिदा नदीच्या पश्चिमेला सत्तेचाळीस तुकड्या, पुढे अठ्ठेचाळीस. नावं जपानी बाराखडीतल्या अक्षरांवरून: इ-तुकडी, रो-तुकडी, हा-तुकडी. चार अक्षरं वगळली. 'हि' म्हणजे आग, तेव्हा ते आग विझवणाऱ्यांना नको. 'हे' म्हणजे पाद, ते कुणालाच नको. उरलेल्या दोघांपैकी एक अश्लील वाटायचं, एक अशुभ. त्यांच्या जागी शंभर, हजार, दहा हजार आणि मूळ या अर्थांची चिन्हं आली. पुढे तुकड्यांचे दहा मोठे गट केले, तर त्यातला चौथा काही वर्षांत दुसऱ्यात मिसळून टाकला, कारण चार या आकड्याचा एक उच्चार मरणासारखा आहे. ही माणसं शब्दांच्या शकुनाला किती जपत होती ते यावरून ध्यानात घ्या. ड्रॅगनपर्यंत पोहोचायला याचा उपयोग आहे.

प्रत्येक तुकडीचा एक मातोई असे. उंच काठीवर पांढरा रंगवलेला, तुकडीपरत्वे वेगळ्या आकाराचा मानबिंदू आणि त्याखाली पट्ट्यांची झालर. तो घेऊन एक माणूस आगीजवळच्या छपरावर चढायचा. अर्थ असा की आग इथवर येईल, याच्या पुढे नाही, आणि ही जागा आमच्या तुकडीची. त्या जागेवरून तुकड्यांमध्ये मारामाऱ्या होत. 'आग आणि भांडण ही एदोची फुलं' अशी म्हणच पडली होती. १८०५ मध्ये मे-तुकडीच्या लोकांची सुमो पैलवानांशी शिबातल्या देवळाच्या आवारात जंगी हाणामारी झाली, ती पुढे काबुकी या पारंपरिक नाटकाच्या रंगमंचावरही गेली.

अशा गर्दीत, धुरात, रात्री कोण कुणाचा हे ओळखायला कोटाची बाहेरची बाजू होती. निळीत रंगवलेली, पाठीवर तुकडीचं मोठं चिन्ह, गळपट्टीवर अक्षरं, खालच्या घेराला भौमितिक नक्षी, आणि पदाप्रमाणे रेघा. साधी, ठसठशीत, लांबून वाचता येणारी. बाहेरची बाजू तुकडीची होती. आतली माणसाची.

बहुतेक पुस्तकांत असं दिलेलं असतं की आगीत साधी बाजू बाहेर ठेवायची आणि आग आटोक्यात आली की कोट उलटा करून चित्र मिरवत परतायचं. सणाला, नववर्षाच्या संचलनालाही तसंच. मला हे पटतं, आणि त्याचं माझं कारण तांत्रिक आहे. हे चित्र त्सुत्सुगाकी पद्धतीने काढलेलं असतं. तांदळाच्या पिठाची खळ कागदी शंकूत भरायची आणि टोकातून दाबत कापडावर रेघा ओढायच्या, आपण मेंदीचा कोन धरतो तशा. खळ लागली तिथे रंग शिरत नाही. मग निळीत बुडवणं, आणि काही भाग काजळीच्या शाईने व खनिज रंगांनी हाताने भरणं. हे रंग कापडावर धरून ठेवायला सोयाबीनचं दूध वापरत. नीळ धाग्यात मुरते, पण हे भरलेले रंग वरवर बसतात आणि घासले की झडतात. तुळया ओढताना, कौलांवरून सरपटताना ती बाजू बाहेर ठेवणं म्हणजे पैठणी नेसून विटा वाहणं.

दुसरं कारण एदोच्या स्वभावात आहे. शोगुनशाहीत कोणत्या वर्गाने काय घालावं यावर बंधनं होती. पैसेवाला व्यापारी वरून मळखाऊ रंगाचा किमोनो घालायचा आणि आत रेशमी, चितारलेलं अस्तर लावायचा. चालताना, बसताना क्षणभर ते दिसायचं, तेवढंच. आतून बाहेरच्यापेक्षा सरस असण्याला उरामासारी असा खास शब्दच आहे. तोबी लोक या शहरी ऐटीचे अर्क मानले जात. त्यांच्यात गोंदवून घ्यायचीही मोठी चाल होती, पाठ, दंड, मांड्या भरून. शोगुनच्या पथकांतले गाएन नावाचे शिपाई तर हिवाळ्यातही लंगोट आणि एक पातळ अंगरखा एवढ्यावर धावत सुटायचे, गोंदण दिसावं म्हणून. (हेच लोक रात्री एका लांब लाकडी ओंडक्यावर ओळीने डोकी ठेवून झोपत. आगीची वर्दी आली की पहारेकरी त्या ओंडक्याच्या टोकावर हातोडा हाणायचा, सगळे एकदम जागे.) १८७२ मध्ये, शोगुनशाहीनंतर आलेल्या मेइजी सरकारने गोंदणावर बंदी घातली. कोटातली आणि गोंदणातली चित्रं बऱ्याचदा एकाच घराण्यातली असतात. मला तर हा कोट म्हणजे अंगातून काढून ठेवता येणारं गोंदण वाटतो.

ती चित्रं कुठून आली? बरीचशी उतागावा कुनियोशी या चित्रकाराच्या लाकडी ठशांवरून. १८२७ पासून त्याने 'सुइकोदेन' या मूळ चिनी कथेतल्या १०८ बंडखोर वीरांची मालिका छापायला घेतली आणि एदोतले कारागीर, हमाल, बंबवाले तिच्यावर लट्टू झाले. त्यातल्या शिशिन या वीराच्या अंगावर नऊ ड्रॅगन गोंदलेले आहेत. कथेच्या नावातच पाणी आहे: सुइ म्हणजे पाणी, आणि ते दरवडेखोर दलदलीच्या काठी राहतात. अन्यायी सत्तेला न जुमानणारे, पाण्याच्या आसऱ्याने जगणारे, एकमेकांसाठी जीव देणारे. बंबवाल्यांना आणखी काय हवं होतं!

बाकीच्या चित्रांत ढोल बडवणारा विजेचा देव राइजिन, धबधबा चढणारा कार्प मासा, सिंह आणि पिओनीची फुलं, राशोमोन या वेशीपाशी राक्षसाचा हात तोडणारा योद्धा वातानाबे नो त्सुना. माझं आवडतं चित्र मातीच्या कोळ्याचं, त्सुचिगुमोचं. योद्धा मिनामोतो नो योरिमित्सु आजारी पडून आहे, राखणीला त्याचे चार सरदार आहेत, आणि अंधारातून राक्षसी कोळी जाळं टाकत येतो. या चित्रात पाण्याचा थेंब नाही. तरी ते बंबवाल्याच्या पाठीवर का शोभतं ते कळायला वेळ लागत नाही. रात्रपाळी ज्याने केली आहे त्याला विचारा.

आता मधला प्रश्न, श्रद्धेचा. पाटीवरचं 'चित्र आगीपासून रक्षण करतं' हे वाक्य मला अर्धवट वाटतं. ड्रॅगनपुरतं ते खरं आहे. आपल्याला ड्रॅगन म्हटलं की आग ओकणारा प्राणी आठवतो, तो युरोपातला. जपानचा र्यू हा पाण्याचा, ढगांचा, पावसाचा मालक आहे. म्हणून पंपाचं नाव ड्रॅगनचं पाणी. म्हणून किल्ल्यांच्या छपरांवर शाचिहोको, वाघाच्या तोंडाचे मासे, नागोयाच्या किल्ल्यावर तर सोन्याने मढवलेले. देवळांच्या आढ्याखाली लाकडी 'लटकता मासा' असतो. इमारतीच्या माथ्यावर पाण्यातलं काहीतरी ठेवा, म्हणजे ती जळणार नाही, असा जुना विचार. माणसाच्या पाठीवर ड्रॅगन ठेवण्यात तोच धागा आहे, आणि ज्या शहराने 'हि' अक्षर नावातून काढून टाकलं त्या शहराला तो गंभीरपणे घ्यायला जड गेलं नसेल.

आणि हा र्यू आपल्याला वाटतो तितका परका नाही. बौद्ध ग्रंथांबरोबर भारतातले नागराज चीनमार्गे जपानला गेले आणि तिथल्या ड्रॅगन-राजांमध्ये मिसळले. जपानच्या आठ महान ड्रॅगन-राजांच्या यादीत आपले वासुकी आणि तक्षक आहेत, नावांच्या जपानी उच्चारांसह. १२११ च्या पुरात शोगुन मिनामोतो नो सानेतोमोने कविता रचून या आठ राजांना पाऊस थांबवायची विनंती केली होती. ते पाऊस देतात, तर थांबवतीलही. गोंदणात आणि कोटांवर तलवारीला विळखा घातलेला जो ड्रॅगन दिसतो तो कुरिकारा, हे नाव कुलिक नागावरून आलेलं. ती तलवार फुदो म्योओची, म्हणजे आपल्याकडच्या तंत्रपरंपरेतल्या अचलाची. तो तर स्वतःच ज्वाळांत बसलेला असतो, न जळता.

पण सगळीच चित्रं ताईत होती असं म्हणायला मी तयार नाही. कोळी, राक्षस, बंडखोर वीर हे आगीपासून वाचवत नाहीत. ते धाडस देतात, किंवा धाडस असल्याचं जगाला सांगतात, आणि शेजारच्या तुकडीला जळवतात. बंबवाल्याचं रक्षण करायचं ते पाण्याने आणि टाक्यांनी, आणि हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. नाहीतर त्याने ड्रॅगन चितारलेला पातळ कोट घातला असता.

सामुराईंच्या अग्निपोशाखाचा उल्लेख करून टाकते, कारण प्रदर्शनांत दोन्हींची गल्लत होते. त्यांची काजी-बाओरी, म्हणजे आगीच्या वेळचा अंगरखा, बहुधा आयात लोकरीची किंवा धुरावलेल्या चामड्याची, वर घराण्याचं चिन्ह, सोबत छातीचं आवरण आणि शिरस्त्राण. लोकर सुतासारखी सहज पेटत नाही, म्हणजे तंतू त्यांच्याकडे चांगला होता. पण ती नागासाकीच्या बंदरातून आलेली महागडी चीज, शोभाही बाहेरच. त्यांना लपवायची गरज नव्हती. काबुकीतले सत्तेचाळीस रोनिन, म्हणजे धनी नसलेले सामुराई, सूड घ्यायला निघतात ते काळ्यापांढऱ्या दातेरी काठाच्या कोटात, तो याच अग्निपोशाखाचा नाटकी अवतार.

तुम्ही पुन्हा तो कोट बघायला जाल तेव्हा एक लक्षात ठेवा. संग्रहालयात तो दोन्ही बाह्या पसरून भिंतीवरच्या चित्रासारखा टांगतात. आम्हालाही तसंच करावं लागतं, कारण हे कोट इतके जड आहेत की खांद्यावर लटकवले तर शिवणीच उसवतात. पण असा सपाट तो कधी कुणी पाहिला नव्हता. अंगावर ड्रॅगनचं तोंड दोन खांद्यांच्या मधे यायचं, शेपूट बगलेखालून पुढे वळायचं. आधी खांदे बघा, शिडी किंवा तुळई वाहिली असेल तर चित्र तिथे सर्वांत जास्त विरलेलं असतं. मग ड्रॅगनच्या खवल्यांवरून जाणारे टाके बघा, चित्राची पर्वा न करता सरळ रेषेत गेलेले. आणि काचेच्या कडेला डोळा लावून बाहीच्या तोंडाशी किंवा घेराच्या काठाशी दुसरी बाजू दिसते का ते पाहा. निळ्यावर पांढऱ्या नक्षीची एखादी चीर दिसेल, ती तुकडीची बाजू.